खडकावरची माती



पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जागी पडलेले बी उगवते आणि करपते. पेरणाऱ्याने तिथेही बी टाकले, हे मात्र आपण विसरतो. घरातल्या एखाद्याला ‘दगड’ म्हणून आपण त्याच्याशी बोलणेच सोडतो.

हवाई बेटावर किलाउएया आणि मौना लोआ या ज्वालामुखींच्या लाव्हारसाचे काळे खडक आहेत. पावसाच्या बाजूला त्यांवर आधी दगडफूल धरते, मग फटींत नेचे आणि ओहिआची झाडे रुजतात. शेकडो वर्षे त्यांचा पाला पडतो, कुजतो आणि जेमतेम वीतभर माती होते. खाली खडक तसाच! ही माती खडक फोडून झालेली नाही, पडलेल्या पानांची आहे. म्हणूनच वणव्यात ती जळूनही जाऊ शकते. मग पुन्हा दगडफुलापासून सुरुवात.