सावधपणा म्हणजे अविश्वास काय?

माणसाने माणसावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्न जुनाच आहे. पण आजकाल तो नव्या वेषाने दारी उभा राहिला आहे. पूर्वीचा ठक उंबऱ्याशी यायचा. त्याचे तोंड दिसायचे, बोलीवरून मुलूख कळायचा. आताचा ठक मोबाईलमधून थेट माजघरात येतो, आणि साहेबाच्या किंवा नातलगाच्या आवाजात बोलतो.

माझ्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. त्यांना फोन आला की, "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत." पडद्यावर गणवेशातला माणूस दिसला. त्याने बजावले, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. फोन बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही." गुरुजी दीड दिवस खोलीचे दार लावून बसले, आणि जन्माची पुंजी 'तपासणीसाठी' म्हणून परक्या खात्यात भरून मोकळे झाले. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची वस्तूच नाही. पण भ्यालेल्या माणसाला कायदा कुठला आठवायला? पुढे आठ दिवस त्यांनी मुलालाही सांगितले नाही. मला म्हणाले, "अहो, पैसा गेला त्याचं दुःख आहेच, पण जन्मभर पोरांना शहाणपण शिकवलं, आणि मीच खुळा ठरलो. हे कोणत्या तोंडानं सांगू?"

आता यात दोष कोणाचा? चोराचा, हे उघड आहे. पण गुरुजींचा काहीच नाही काय? आणि असेल तर तो कोणता?

चोराने येथे कुलूप फोडले नाही. किल्लीच मागून घेतली. ही रीत आजची नव्हे. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेले एक पत्र जगभरच्या संगणकांत पसरले. वर लिहिले होते, 'माझे तुमच्यावर प्रेम आहे.' कुतूहलाने ज्याने ते उघडले, त्याच्या संगणकातील फायली बिघडल्या, आणि तेच पत्र त्याच्या नावाने त्याच्या ओळखीच्यांकडे गेले. यंत्राआधी मन उघडले, बरं का!

दुसरा दाखला अधिक बोलका आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे खोटे हुकूम सुटले. चोरांचा शिरकाव झाला होता तो नोकरीच्या अर्जाच्या मिषाने आलेल्या ई-मेलमधून. कोणीतरी तो सहज उघडला होता. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला गेले. पण श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी वाटेतच अडले, कारण हुकुमात 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले एका बँकेत कोणाच्या तरी नजरेस आले आणि विचारणा झाली. एकाच प्रकरणात एकाच्या गाफीलपणाने दार उघडले, आणि दुसऱ्याच्या क्षणभर थांबण्याने दुसरे दार मिटले.

ठकाची हत्यारे मोजकीच असतात: भय, लोभ, घाई, आणि 'कोणाला सांगू नका' ही ताकीद. भय आणि लोभ विवेकाला झाकतात. घाई त्याला जागे होऊ देत नाही. ताकीद शेजारच्याचा विवेकही दूर ठेवते. 'बक्षीस लागले आहे, पिन टाका' असे कोणी म्हणाले, तर क्षणभर थांबणाऱ्याला सहज आठवते की, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना लागतच नाही.

येथे कोणी शंका घेईल की, मग काय सगळ्यांकडे संशयाने पाहायचे? भोळा भाव हा तर गुण! याचे उत्तर आपल्या दिंडीतच आहे. मुक्कामी सामानाजवळ एक माणूस जागा राहतो. म्हणून का दिंडीतले लोक एकमेकांना चोर समजतात? उलट तो जागा आहे, म्हणूनच बाकीचे निर्धास्त झोपतात. संशय माणसाला माणसापासून तोडतो. सावधपणा विश्वासाची राखण करतो. मुलाच्या आवाजात कोणी पैसे मागितले, तर फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरावर आपण स्वतः विचारणे, यात मुलाचा अपमान कसला?

तेव्हा गुरुजींचा दोष विश्वासाचा नव्हता. थांबले नाहीत, आणि एकटे राहिले, एवढाच होता. त्यातला दुसरा अर्धा दोष आपला आहे. फसलेल्याला आपण हसतो, म्हणून तो गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्यावरच चोराचे फावते. चोरलेली रक्कम या खात्यातून त्या खात्यात झपाट्याने पळते. १९३० या नंबरावर लगेच कळवले, तर ती वाटेत गोठवता येण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेनेही जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले होते की, ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीने पैसे गेले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. गुरुजींचे ते आठ दिवस लाजेत गेले. ती लाज त्यांना कोणी शिकवली?

असो. वाचकांनी आज एवढेच करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून म्हणावे, "असा फोन आला तर आधी मला हाक मारा. आणि फसलातच, तरी मी रागावणार नाही." हे वाक्य ज्या घरात बोलले गेले, त्या घरात 'कोणाला सांगू नका' हे ठकाचे हत्यार बोथट झाले म्हणून समजावे.