खाणावळीचा फळा

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी एक खाणावळवाला होता. एसटी स्टँडसमोर त्याची दहा-बारा बाकांची खाणावळ होती आणि दारात एक काळा फळा. आठवडाभराच्या भाज्या तो रविवारी रात्रीच त्यावर लिहून टाकी. बटाटा, कोबी, फ्लॉवर, वांगी, पुन्हा बटाटा. भाजी कोल्हापूरहून ट्रकने घाट उतरून येई. बुधवारी बाजार भरे. तो थेट ट्रकपाशी जाई, पोती मोजून घेई आणि परत फिरे. बाजाराच्या खालच्या टोकाला गोणपाटावर बायका बसत. तिकडे त्याचं जाणं नव्हतं. त्याला माल किलोने लागे, आणि त्यांच्याकडे वाटे असत.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. त्या बुधवारी ट्रक घाटात बंद पडला. दहा वाजले तरी पत्ता नाही, आणि साडेबाराला गिऱ्हाईक ताटावर बसणार. खाणावळवाल्याने पिशवी उचलली आणि खालचं टोक गाठलं.

तिथे एका म्हातारीपुढे केळीच्या पानावर ओले काजूगर मांडलेले होते. काजू मुळात ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इकडे आणलेला. म्हातारीला हे कोणी सांगितलं असतं, तर तिने ते हसण्यावारी नेलं असतं.

"किलोला काय भाव, आजी?"

"किलो नाही बाबा. शेकडा."

भाव ऐकून तो चमकला. "एवढ्याशा गरांचे एवढे? पलीकडचे बघ केवढे मोठे आहेत."

"ते कलमाचे, वेंगुर्ला सात. ही गावठी बी. घे, खाऊन बघ."

त्याने एक गर तोंडात टाकला. कोवळा, दुधाळ, गोडसर. तरीही सवयीने तो भाव पाडू लागला. म्हातारी काही खाली येईना. शेवटी तिने मागची टोपली पुढे ओढली.

"स्वस्तच हवं तर अख्खी बी घेऊन जा. निम्म्याहून कमीत देते. सोलायची मात्र तुझी तू."

आपलाच सौदा सरस झाला, असं खाणावळवाल्याला वाटलं. त्याने पाचशे बिया घेतल्या.

खाणावळीत आल्यावर तो आणि कामाचा पोरगा विळी घेऊन बसले. हिरवी बी पात्यावर ठरेना. कापली की चीक बोटांवर उडे. बीचे उभे दोन भाग करायचे आणि काडीने गर अलगद उचलायचा, एवढंच काम. पण दहातले पाच गर तुटून हातात येत. साडेबारा वाजले तेव्हा शंभरही सोलून झाले नव्हते. त्या दुपारी गिऱ्हाइकांना पिठलं-भात मिळाला.

संध्याकाळी पोरग्याच्या बोटांची आग होऊ लागली. दुसऱ्या दिवशी खाणावळवाल्याच्याही बोटांची कातडी काळी पडून निघू लागली. भांडी घासणारी बाई म्हणाली, "राख नव्हती लावली हाताला? निदान खोबरेल तरी?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

उसळ मात्र बुधवारी रात्री झालीच. गर कोमट पाण्यात टाकून वरची साल काढली. मग कांदा, मसाला, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि वरून दोन आमसुलं. रात्रीच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर जेवला आणि हात धुता धुता पुढच्या फेरीचं ताट सांगून गेला.

पुढच्या बुधवारी ट्रक वेळेवर आला. खाणावळवाला आधी खाली गेला. त्याने म्हातारीला आपले हात दाखवले. ती मनापासून हसली. हसताना तिने तोंडापुढे हात धरला, तेव्हा त्याला तिची बोटं दिसली. नखं काळी आणि पेरांच्या रेघांत राख बसलेली.

"सोललेले दोनशे दे," तो म्हणाला. भाव विचारला नाही. तिने पाच-पाच करून मोजले आणि वर पाच जास्तीचे टाकले.

"आजी, दर बुधवारी पाचशे ठेव माझ्यासाठी. फळ्यावर कायमचं लिहूनच टाकतो."

"कायमचं? अजून दोन बाजार मिळतील. मग बी टणक होते. मग कुयरी बघ."

"आणि त्याच्यानंतर?"

"तू ये तर खरा. असेल ते असेल."

तो जात राहिला. पाडव्याच्या सुमाराला फणसाची कुयरी आली. या वेळी त्याने हाताला आणि विळीला आधीच तेल चोळलं. मग कैऱ्या आल्या, तशी ताटात आंब्याची डाळ आली. हिरव्या करवंदांचं लोणचं घातलं. उन्हं कडक झाली तसे रातांबे आले. ते फोडून, सालांना रसाची पुटं देऊन, वाळवून वर्षाची आमसुलं करायला त्या बायकांनीच त्याला शिकवलं. रविवारी रात्री फळा लिहिणं केव्हाच बंद झालं होतं. आता तो बाजार करून आल्यावर खडू हातात घेई.

ट्रक बंद पडण्याआधीही म्हातारी तिथेच बसत होती, कित्येक वर्षं. पण काय घ्यायचं ते घरूनच ठरवून निघालेल्याला बाजार फक्त तेवढाच दिसतो. आणि भाव महाग की स्वस्त, हे त्याला बोटं सोलून निघाल्यावर कळलं.

कोल्हापूरची भाजी त्याने सोडली असं नाही. फ्लॉवर मागणारी गिऱ्हाइकं होतीच. शाळेतले एक मास्तर तर रोज फळ्यापुढे थांबून विचारत, "आज तरी फ्लॉवर आहे का?"

"रात्री करतो, मास्तर. आत्ता कुयरी आहे."

मास्तर कुरकुरत आत येत आणि भात संपेपर्यंत भाजी तीनदा मागून घेत.