नांगर घालू नका

सिन्नर तालुक्यातल्या एका शिवारात म्हाताऱ्या धनगराने मेंढ्या बसवल्या होत्या. लेंडीखत शेताला, बाजरी धनगराला, असा जुना व्यवहार. एका पहाटे धडधाकट मेंढी मरून पडलेली दिसली. पोट टम्म फुगलेलं, नाकातून काळसर रक्त. त्याच्या पोराने सुरी काढली. मटण झालं असतं, कातड्याचे चार पैसे आले असते. म्हाताऱ्याने हात धरला. "रगत बघ, साकळत न्हाई. फाशी हाय ही. सुरी लावू नको."

जनावरांच्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरांनी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेतलं. मेंढी उघडली नाही. बंद शरीरात फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू कुजण्यात मरून जातात. कापलं, हवा लागली, की त्यांचे बीजाणू होतात आणि मातीत कैक वर्षं टिकतात. म्हाताऱ्याने चुन्याची गोण आणवली होती. "आबा, नुसत्या चुन्याने हे जंतू मरत नाहीत. जाळावंच लागेल." मेंढी न फरफटवता तिथेच सरपण रचलं. रक्त सांडलेली माती खरवडून त्याच जाळात टाकली, जागेवर फॉर्मॅलिन ओतलं.

जाळ पेटलेला असताना डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटाची गोष्ट सांगितली. १९४२ साली ब्रिटिशांनी तिथे फाशीच्या जंतूंचे बॉम्ब मेंढ्यांवर आजमावले आणि बेट माणसाला बंद झालं. १९८६ साली समुद्राच्या पाण्यात २८० टन फॉर्मॅल्डिहाइड मिसळून जमीन भिजवली, मग मेंढ्या चारून पाहिल्या. १९९० मध्ये बेट खुलं झालं.

शेतमालक परगावी होता. राख मातीआड केली असती तर त्याला पत्ताही लागला नसता. सांगितलं तर आपला कळप कोणी शेतात बसू देणार नाही, हे म्हातारा जाणून होता. पोरगाही गप्प राहा म्हणून विनवत होता. तरी मालक येताच म्हातारा समोर जाऊन उभा राहिला. "पाटील, त्या कोपऱ्यात नांगर घालू नका, गुरं सोडू नका. माझी मेंढी तिथं फाशीनं गेली."

पाटलांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, वस्तीवरच्या सगळ्या जनावरांना लस टोचून घेतली. त्या हंगामात दोन शेतकऱ्यांनी म्हाताऱ्याचा कळप बसवायला नकार दिला. त्याने तेही सोसलं.

तुमच्या शिवारात जनावर असं अचानक दगावलं, तर कापू नका, ओढ्यात टाकू नका. दवाखान्याला कळवा आणि ती जागा शेजाऱ्याला दाखवून ठेवा.