पाठीचा भोपळा

गेल्या कार्तिकीला पंढरपुरात कीर्तन आटोपल्यावर आमच्या दिंडीतले एक जुने वारकरी आमच्यापाशी येऊन बसले. गृहस्थ शेतकरी, गळ्यात माळ तिसऱ्या पिढीची. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग हळूच म्हणाले, "महाराज, एक विचारू का? मुलगी पुण्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पोर हुशार आहे. पण पेपर पुढं आला की हात कापतात. दोनदा थोडक्यात हुकली. आता कोणीतरी सांगितलं, तिला एक कोच लावा, तो मनातली भीती घालवतो अन् माणसाला ध्येयापर्यंत नेतो. पैसे बरेच पडतात. पण पैशाचं सोडा. आमच्या घरात रोज हरिपाठ होतो. नाम घेणाऱ्यानं भीती घालवायला माणसाकडं जावं का? म्हणजे नाम कमी पडलं असं नाही का होत?"

प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. "माउली, दोन दिवस द्या," एवढेच म्हणालो. आज घरोघर हा प्रश्न उभा आहे, म्हणून त्या दोन दिवसांत जे सुचले आणि पुढे जे घडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम शब्दाचाच विचार करू. हंगेरी देशात कोच नावाचे एक गाव आहे. तेथे बनणाऱ्या घोडागाड्या युरोपात नावाजल्या आणि गावाचे नाव गाडीला पडले. आपल्याकडे गाडी हाकणाऱ्याला कोचवान म्हणत, तो शब्द याच कुळीचा. पुढे इंग्लंडात, १८३० च्या सुमारास, विद्यार्थ्याला परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला विद्यार्थी थट्टेने 'कोच' म्हणू लागले. तेथून शब्द खेळाच्या मैदानात गेला. १९७४ साली टिमथी गॅलवे नावाच्या अमेरिकेतील टेनिस शिक्षकाने एक पुस्तक लिहिले. जाळीपलीकडच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा खेळाडूच्या मनात बसलेला प्रतिस्पर्धी अधिक अवघड, असा त्याचा आशय. मैदानातली ही विद्या मग कचेरीत आली, संसारात आली, आणि आता पंढरीच्या वाळवंटात आमच्या वारकऱ्याच्या तोंडी आली.

आता गाडीत दोन प्रकारची माणसे असतात. एक गादीवर बसून राहतो आणि गाडी त्याला नेते. दुसरा रथात उभा असतो, लगाम सारथ्याच्या हाती असतात, पण धनुष्य त्याचे त्यालाच उचलावे लागते. कुरुक्षेत्रावर काय झाले? अर्जुनासारख्या वीराचे अंग कापू लागले, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून गळू लागले. परीक्षेच्या दालनात त्या मुलीचे जे होते तेच हे. आणि सारथी कोण? साक्षात् भगवंत. त्याने काय केले? हाती शस्त्र धरणार नाही, हे त्याचे आधीच ठरलेले होते. पहिल्या अध्यायात अर्जुन बोलतो आणि भगवंत बहुतेक ऐकूनच घेतात. अठरा अध्याय समजावून झाल्यावर शेवटी सांगतात की, या सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. विश्वाचा मालक असूनही निर्णय त्याने शिष्याच्या हाती ठेविला. मार्गदर्शक कसा असावा याची कसोटी आपल्या घरात शेकडो वर्षे पडून आहे.

भीती जाते कशी, हे ज्याने विहिरीत पोहणे शिकले त्याला निराळे सांगावे लागत नाही. आमच्याकडे पोराच्या पाठीला वाळलेले दोन भोपळे बांधीत, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका. कमरेला दोर, दोराचे टोक काठावर चुलत्याच्या हातात. पहिल्या दिवशी पायरीवर बसून नुसते पाय बुडवायचे. मग छातीइतके पाणी. मग उडी. काही दिवसांनी दोन भोपळ्यांचा एक होई. आणि एके दिवशी चुलता काही न बोलता तोही सोडून ठेवी. पोरगे पाण्यात पडल्यावर त्याच्या ध्यानात येई की पाठ मोकळी आहे आणि आपण तर तरंगतो आहोत! काठावर बसून "पाण्याला भिऊ नये" असे शंभर वेळा सांगून जे झाले नसते, ते रोज एक पायरी खाली उतरल्याने झाले.

शास्त्रज्ञांनीही हेच पाहिले आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने सुमारे तीन वर्षांच्या, सशाला भिणाऱ्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा दुरून थोडाथोडा जवळ आणायचा. शिवाय सशाला न भिणारी मुले त्याच्याबरोबर खेळायला ठेवायची. शेवटी ते मूल सशाला हाताने कुरवाळू लागले. म्हणजे दोन गोष्टी लागतात. भीतीकडे बेताबेताने जाणे, आणि जाताना न भिणाऱ्याची सोबत. वारकऱ्याला यात नवे ते काय? दिवेघाटाची चढण एकट्याने पाहिली तर छाती दडपते. दिंडीत टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर सत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन तो घाट चढून जाते. चालतात तिचेच पाय. भीती मात्र सगळ्यांत वाटली जाते, म्हणून हलकी होते.

येथे स्वतःचे एक सांगणे भाग आहे. आमचे पहिले कीर्तन एका खेड्यातल्या सप्ताहात झाले, तेव्हा आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे होतो. आदल्या रात्री झोप नाही. उभे राहिलो, नमन झाले, अभंग घेतला, आणि निरूपणाच्या भरात एक प्रमाण असे काही विसरलो की तोंडातून शब्द फुटेना. समोर सारा गाव. घसा कोरडा. वाटले, धरणी दुभंगावी आणि आत घ्यावे. तेवढ्यात मागे टाळ घेऊन उभ्या असलेल्या आमच्या गुरुवर्यांनी तेच प्रमाण चालीत उचलले, टाळकऱ्यांनी धरले, मृदंग वाजला. लोकांना वाटले, ठरवूनच केले! तेवढ्या अवधीत आम्हांला पुढचे सगळे आठवले. कीर्तन पार पडले. आम्ही पाया पडलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "विसरलास ते बरं झालं. विसरूनही माणूस मरत नाही, हे कळलं." दुसऱ्या कीर्तनाला ते श्रोत्यांत मागे बसले. तिसऱ्याला आलेच नाहीत. आम्हांला राग आला होता. फार दिवसांनी उमगले की, त्यांनी भोपळा सोडला होता.

आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी काढली. बुवा तरुणपणी तालमीतले पहिलवान. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला अंगावर घेतो, आपटतो, उठवतो, पण फडात कुस्ती वस्ताद करीत नाही. वस्तादाची कीर्ती पठ्ठा एकटा उभा राहिल्यावरच होते. ज्याचा पठ्ठा जन्मभर तालमीच्या दारातच घुटमळतो, तो वस्ताद कसला?

इथवर सगळे गोड झाले. आता कडू भाग.

दोन दिवसांनी ते वारकरी आले तेव्हा आम्ही म्हणालो, "माउली, कोच लावण्याआधी पोरीला एवढंच विचारा की बाई, तू नक्की कशाला भितेस? अन् ती बोलेल ते मधे न तोडता ऐका." ते घरी गेले. महिन्याभराने पुन्हा भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "विचारलं, महाराज. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आबा, नापास व्हायला मी भीत नाही. मी नापास झाले तर तुम्ही पारावर लोकांना काय सांगाल, त्याला भिते."

वाचकहो, यावर कोणता कोच काय करणार? विहीर एवढी खोल कोणी केली? घरातल्यांनी आपली सारी प्रतिष्ठा त्या पाण्यात फेकली आणि पोरीला सांगितले, जा, बुडी मार आणि काढून आण. मग हात कापणार नाहीत तर काय होईल? राजस्थानात कोटा शहर शिकवण्यांचे मोठे केंद्र आहे. तेथे एकट्या २०२३ साली वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असेही सांगितले. सूचना हव्यातच. पण पारावरची भीती सरकारी कागदाने जात नाही. ती बापाने उठून घालवायची असते.

म्हणून भीती घालवण्याआधी ती कसली आहे आणि ध्येय कोणाचे आहे, हे पाहिले पाहिजे. सगळीच भीती घालवण्यासारखी नसते. चोरही निर्भय असतो. लाच घेणाऱ्याची पहिल्यांदा कापणारी बोटे पुढे कापेनाशी होतात, त्याला काय धैर्य म्हणावे? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत अभय पहिले आहे, हे खरे. पण त्याच्या पाठोपाठ अंतःकरणाची शुद्धी आहे. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. अधर्माला भिणारे मन हा देवाने दिलेला पहारेकरी आहे. त्याला गोळी घालून निजवणारा मार्गदर्शक हितकर्ता नव्हे.

राहिला मूळ प्रश्न. माणसाकडे गेल्याने नाम उणे पडते काय? आपल्या संप्रदायाची कथा याचे उत्तर देते. नामदेवराय साक्षात् पांडुरंगाशी बोलत. तरी संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटून पाहिले आणि हे मडके कच्चे आहे म्हणून सांगितले. नामदेव रुसून देवाकडे गेले. देवाने त्यांना, तू पक्काच आहेस, म्हणून कुरवाळले नाही. विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. देवच जर आपल्या लाडक्याला माणसाकडे पाठवतो, तर आपण जाण्यात कमीपणा तो कसला? तहान लागली असता नाम घेत विहिरीवर जावे. नाम घेतले म्हणून पोहरा सोडायचा नाही, असे थोडेच आहे?

मात्र जावे ते डोळे उघडे ठेवून. ज्याच्याकडे जायचे तो आधी ऐकतो की आधीच बोलू लागतो? ध्येय कशासाठी हवे, हे विचारतो की नुसते "धाव, धाव" म्हणतो? आणि मुख्य म्हणजे, भोपळा सोडण्याचा दिवस त्याच्या मनात आहे काय? जो म्हणतो, "माझ्यावाचून तुझं चालायचं नाही," तो पोहायला शिकवीत नाही, भोपळे विकतो. अशासाठी कर्ज काढू नये. आणि भीती इतकी खोल गेली असेल की अन्न-झोप उडाली, जगणे नको असे पोर बोलू लागले, तर कोच नको, बुवा नको, आम्हीही नको. सरळ मनाच्या आजाराच्या डॉक्टरकडे न्यावे. तापाला औषध देताना आपण लाजतो काय?

त्या गृहस्थांनी पुढे काय केले? कोच लावला की नाही, ते आम्ही विचारले नाही. त्यांनी आपण होऊन एवढेच सांगितले की, ते पुण्याला जाऊन पोरीजवळ चार दिवस राहिले, आणि परत आल्यावर पारावर बसून स्वतःच्या तोंडाने बोलले, "पोरगी दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा बसायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल." सांगताना त्यांचा आवाज कापत होता. इतक्या वाऱ्या केलेल्या माणसालाही चार लोकांत हे वाक्य बोलायला किती बळ लागले असेल! आम्हांला वाटते, त्या घरातला भोपळा पोरीच्या आधी बापाच्या पाठीवरून सुटला.

रामकृष्णहरि.