त्या सहा जणी

अथेन्सला पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी मी अक्रॉपोलिसची टेकडी चढलो आणि चारचौघांदेखत रडलो. गोष्ट तशी लाजिरवाणीच. पण पुढे जे झाले ते त्याहून लाजिरवाणे आहे, म्हणून ही आधी सांगून टाकतो.

पार्थेनॉनसमोर मी कोरडाच होतो. चित्रांतून इतक्यांदा पाहिलेले ते देऊळ! शिवाय पायांखालचा संगमरवर लोकांच्या पावलांनी असा गुळगुळीत झालेला, की माझे अर्धे लक्ष घसरून न पडण्याकडेच होते. मग उत्तरेच्या एरेक्थिऑनकडे वळलो. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरचे हे लहानसे देऊळ. त्याच्या दक्षिणेच्या ओसरीला खांबांऐवजी सहा तरुणी आहेत. डोक्यावर छप्पर, एक गुडघा किंचित वाकलेला, आणि चेहऱ्यावर कसली म्हणून तक्रार नाही. विहिरीवरून दोन-दोन घागरी घेऊन परतणाऱ्या आमच्या गावच्या बायका मला आठवल्या. त्यांत माझी आईही असे. चोवीसशे वर्षे या पोरी हा भार वाहताहेत, असे मनात आले मात्र, डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी बायकोला कार्ड लिहिले, 'आज मी त्यांना प्रत्यक्ष पाहिले.'

तिसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या, २००९ साली उघडलेल्या संग्रहालयात गेलो, तो समोर त्याच उभ्या! पाच जणी. सहावीची जागा रिकामी ठेवलेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्जिनने तिला उचलून नेले. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शहराच्या दूषित हवेने दगड झिजू लागला, तेव्हा उरलेल्या पाच जणींना १९७९ साली आत हलवले आणि वर ओसरीत प्रतिकृती उभ्या केल्या. म्हणजे मी रडलो तो साच्यातून काढलेल्या बाहुल्यांपुढे! वाटाड्याचे पैसे वाचवले की हे असे होते.

मग ते रडणे खरे की खोटे? पेशाने मी मास्तर. एकदा एका मुलाचा निबंध मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. वाचता वाचता माझाच आवाज जड झाला. नंतर कळले, तो उतरून काढलेला होता. मुलाला मी शून्य दिले. पण माझ्या दाटून आलेल्या गळ्याला किती गुण द्यायचे, हे काही मला ठरवता आले नाही.

कोणी म्हणेल, आपला गणपती तर दरवर्षी नवा, शाडूचा; त्याच्यापुढे हात जोडताना अस्सल मूर्ती कुठली, असे कोण विचारतो? हा आधार मीही घेऊन पाहिला, पण तो टिकेना. गणपती मातीचा आहे, हे पूजा करणाऱ्याला ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते. आणि मी रडलो होतो त्या चोवीसशे वर्षांच्या भारासाठी, जो त्या वरच्या सहा जणींनी कधी वाहिलाच नव्हता.

खऱ्या पाच जणींभोवती मी बराच वेळ हिंडलो. इथे त्यांच्या मागे जाता येते. तोंडे पार झिजली आहेत, पण पाठीवरच्या जाड वेण्या जशाच्या तशा आहेत. बारीक मानेला छपराचा भार सोसावा म्हणून त्या केसांची जाडी कारागिराने मानेच्या मदतीला दिलेली. पाहून थक्क झालो; रडू मात्र आले नाही. त्यांच्या डोक्यावर आता काहीच नव्हते. घागरी उतरवून बसलेल्या बायकांकडे पाहून मी लहानपणीही कधी हळहळलो नव्हतो.

कार्ड अजून खिशातच होते. त्यात एक ओळ घालावी म्हणून बाहेर पायरीवर बसलो, तर कुठे बोटभरही जागा उरलेली नव्हती. तिकीट लावलेलेच होते. तसेच पेटीत टाकले. ती राहिलेली ओळ आमच्या मंडळींना या अंकातच प्रथम वाचायला मिळेल.