कळंबच्या चिंतामणीला, अडलेल्या कादंबरीसाठी

हे चिंतामणी, कळंबच्या गणराया,

डोंगर चढून गाठायचे देव पुष्कळ आहेत. तुझ्याकडे यायचं तर पायऱ्या उतराव्या लागतात. चक्रावतीकाठच्या या गावात तू जमिनीच्या पोटात बसलास, शेजारी कुंड. काही वर्षांनी त्या कुंडातलं पाणी आपणहून चढतं, तुझ्या पायांना लागतं आणि ओसरतं. त्याला कुणी बोलावत नाही, कुणी घाई करत नाही. यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या एसटीतून माणसं इथे उतरतात. कुणाला नोकरी हवी असते, कुणाच्या पोरीची सोयरीक जुळत नसते, कुणाचा शेताचा दावा कोर्टात पडून असतो. माझी कादंबरी अडली आहे. तेवढंच गाऱ्हाणं घेऊन आलोय.

लेखकाची नड तुला नवी नाही, देवा. महाभारत उतरवून घ्यायला व्यासांनी तुला विनवलं तेव्हा तू अट घातलीस, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही, अशी उलट अट त्यांनी घातली. मग सांगता सांगता मध्येच एखादा कूटश्लोक टाकायचा, तू विचारात पडलास की तेवढ्या वेळात पुढचं रचून घ्यायचं. परंपरा असे ८८०० श्लोक सांगते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा ही कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. म्हणजे ती कुणीतरी मागाहून जोडलेली. ज्यानं जोडली त्याचा हात कधीतरी अडला असणार, असं मला राहून राहून वाटतं. व्यासांनाही सवड काढावी लागत होती, हे अडलेल्या माणसालाच सुचेल.

माझी कादंबरी तुझ्याच तालुक्यातली आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको-लेकरांसह जीव दिला, तेव्हापासून या जिल्ह्यावर अहवाल झाले, बातम्या झाल्या, दौरे झाले. माझ्या कादंबरीतही घरधनी गेला आहे. पंचनामा झाला, तलाठी येऊन गेला, कागद तहसीलला पोचले. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता की नव्हता, यावरून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरायचं. पात्र ठरलं तर मदत १ लाखाची. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. इथवर लिहिताना हात कुठे अडखळला नाही, कारण हे सगळं आधीच कुणीतरी कुठल्या तरी फायलीत लिहून ठेवलेलं असतं. तेरवीनंतरच्या सकाळी त्या घरधन्याची बायको उठते आणि तिथे माझं लिखाण बसकण मारतं.

तिला रडवून पाहिलं, गप्प ठेवून पाहिलं, तिच्या तोंडी मोठी मोठी वाक्यं घालून पाहिली. एकाही ओळीत ती नांदत नाही. तिच्या शेतात कपाशी विरळ उगवली आहे, नांग्या भरायच्या आहेत. पाकिटात उरलेलं बी पदराच्या गाठीत बांधून ती तासातून वाकून चालते. बोटानं माती उकरते, बी टाकते, वरून माती लोटते, पुढे सरकते. बियाला लावलेल्या औषधाचा रंग तिच्या बोटांना लागलाय. एवढं मला स्पष्ट दिसतं. ती मनाशी काय बोलते, ते मात्र ऐकू येत नाही.

विघ्नहर्त्या, हे विघ्न घाईनं हरू नकोस. तू आणि व्यासांनी एकमेकांना घातलेल्या अटींपैकी व्यासांची अट तेवढी मला घाल. न कळलेलं एक अक्षरही माझ्या हातून उतरू देऊ नकोस.

तोवर धीर दे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, 'बिढार' १९७५ ची. विश्राम बेडेकरांनी १९३९ साली 'रणांगण' दिली आणि पुढे दुसरी कादंबरी दिलीच नाही. मधल्या वर्षांचा हिशेब वाचक मागत नाही, तो पुस्तकाला विचारतो. हे माझ्या मनावर ठसव, म्हणजे 'झाली का कादंबरी?' असं चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तर जीव खाली-वर होणार नाही.

मला कान दे. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग'मधल्या कौतिकला वऱ्हाडीत बोलू दिलं आणि ती बाई अजून जिवंत आहे. रेशनच्या रांगेत, बचत गटाच्या बैठकीत, आठवडी बाजारात माझ्या आजूबाजूला तसं बोलणं रोज चालू असतं. ते ऐकताना मनातल्या मनात त्याचं वाक्य करायची माझी खोड मोड.

आणि मला कीव करण्यापासून वाचव. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, तुझ्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, नवरा गमावलेल्या शेतकरी बाईनं. सारस्वतांच्या मांडवात त्या आपलं म्हणणं आपल्या तोंडानं बोलल्या. ज्यांच्यावर आपण लिहितो त्यांना बोलता येतं, हे त्या दिवशीही ज्या लेखकाला उमगलं नाही, त्याला पुढे उमगणं कठीण. त्या आवाजावर माझा आवाज चढणार असेल, तर माझी कादंबरी अडलेलीच बरी.

माझ्यासारखे आणखीही आहेत, देवा. पुसदला, वणीला, दारव्ह्याला कुणी मास्तर शाळा सुटल्यावर लिहीत बसला असेल. स्पर्धा परीक्षेच्या वहीच्या मागच्या पानांवर एखादी पोरगी चोरून गोष्ट रचत असेल. त्यांचंही घोडं कुठेतरी अडलेलं असेल. त्यांना वही फाडू देऊ नकोस. 'आपल्या गावात लिहिण्यासारखं आहे काय?' हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून काढ.

बुद्धिदात्या, उद्या सकाळी मी पुन्हा लिहायला बसेन. जेवढं समजलं तेवढंच लिहू दे. जे समजलं नाही ते विचारायला धुऱ्यापर्यंत चालत जायची, आणि तिथे आपण तोंड मिटून बसायची बुद्धी दे.