टाके काढायला कोण आणणार?

बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात जनावरांवर शस्त्रक्रिया करताना, सुईत दोरा ओवण्याआधीच मी ठरवून घेतो की हे टाके काढायला कोण आणणार.

घरातल्या लॅब्रॅडॉरचं सोपं असतं. नायलॉनचे सुटे टाके, गळ्यात कॉलर, दहा ते चौदा दिवसांनी टाके काढायचे. नायलॉन एकपदरी आणि गुळगुळीत, रेशमासारखा ओल शोषून जंतूंना आत नेत नाही.

उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पातून नसबंदीसाठी उचललेल्या कुत्रीला मात्र कोणी परत आणत नाही. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे तिला जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. तिथे कॉलर नाही, कोरडी जागाही नाही. तिला विरघळणाराच दोरा हवा, तोही कातडीच्या आत. आधी पोटाच्या मध्यरेषेवरचा पांढरा पट्टा घट्ट शिवायचा, आतडी पेलण्याचा सगळा भार त्याच्यावर असतो. मग कातडीच्या आतल्या थरातून सुई आडवी न्यायची, एकदा या काठात, एकदा त्या काठात, आणि शेवटची गाठ आत दडवायची. वरून बोट फिरवलं तर दोरा लागत नाही, दातात धरायला टोक सापडत नाही. व्हिक्रिल या विरघळणाऱ्या दोऱ्यात तीन आठवड्यांनीही साधारण निम्मी ताकद असते, तो जिरायला 56 ते 70 दिवस लागतात. कॅटगट हा दुसरा विरघळणारा दोरा स्वस्त, पण जखम चिघळली की तो वेळेआधीच गळतो. दर कुत्र्यामागे मिळणारे पैसे कितीही तुटपुंजे असोत, त्या पांढऱ्या पट्ट्याला कॅटगट वापरणं मला मान्य नाही.

म्हशीच्या पोटातलं प्लास्टिक काढायला डावी कूस उघडतो, तेव्हा कातडीला जाड नायलॉनच लागतो. गोठेवाला रोज धारेला बसतो, जखम त्याच्या डोळ्यांसमोर असते.

पावसाळ्यात कुत्र्याच्या चाव्याच्या जखमा येतात, आणि मालक म्हणतात, "डॉक्टर, दोन टाके घालाच." मी घालत नाही. वर दाताचं एवढंसं भोक दिसतं, पण खाली कातडी मांसापासून सुटून पोकळी झालेली असते. शिवलं तर घाण आतच कोंडते. धुवायचं, मेलेलं मांस काढायचं, जखम उघडी ठेवायची. काही दिवसांनी लाल, दाणेदार मांस भरलं की मग काठ जुळवता येतात. तोवर माश्या बसून आळ्या पडू नयेत म्हणून घरच्यांना जखम धुण्याची, झाकण्याची रीत मी दाखवतो आणि माझ्यासमोर एकदा करायला लावतो. रांग मोठी असली तरी हे मी टाळत नाही.